रेवदंड्याला राहिलेला पाहुणा

अलिबाग ते मुरूड हा रस्ता माझ्या मोठ्या बहिणीने चोवीस वर्षे उभ्याने पाहिला. ती लाल गाडीवर कंडक्टर होती. कंडक्टरचे तोंड प्रवाशांकडे असते. त्यामुळे गावे तिला येताना दिसत नसत, मागे जाताना दिसत. अक्षी गेली, नागाव गेले, चौल गेले, असाच तिचा हिशेब. मी तीस वर्षे मुंबईत एका दैनिकात उपसंपादक होतो. सुट्टीला येई तेव्हा याच रस्त्याने खिडकीशी बसून जाई. रस्ता एकच, पण आम्ही दोघांनी तो दोन टोकांनी पाहिला होता.

रस्ता अरुंद आहे. चौलपर्यंत दोन्ही बाजूंनी नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत आणि दुपारीही सावली असते. रेवदंड्याला तो पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या खिंडारातून आत शिरतो. तिथे समोरून गाडी आली तर एकाला मागे यावे लागते. मग खाडीवरचा पूल, पलीकडे साळाव, आणि तिथून कोर्लईपर्यंत उजव्या हाताला पाणी सोबत करते. अलिबागला इंग्रजांची कचेरी, रेवदंड्याला आणि कोर्लईला पोर्तुगीज, पुढे मुरूडला नवाब. तासा-दीड तासाच्या अंतरात इतकी राज्ये होऊन गेली आणि सगळ्यांचे दगड अजून जागेवर आहेत.

ताई निवृत्त झाली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. तिला घरात बसणे जमत नव्हते. भाजीसुद्धा ती उभ्याने चिरत असे. गाडीची वेळ झाली की फाटकाशी येऊन उभी राही आणि आवाजावरून सांगे, ही रोह्याची, ही मुरूडची, हिचा स्प्रिंगचा पाटा तुटायला आलाय. भावोजी त्याच मार्गावर ड्रायव्हर होते. तेही निवृत्त झाले होते, पण त्यांना झोप येत असे. ताईला येत नसे.

नागावला एक बाई घरगुती मुक्काम चालवतात. सगळे त्यांना वहिनी म्हणतात. त्यांच्याकडे बारा आसनी गाडी आहे. पाहुणे पहिल्या दिवशी समुद्रात जातात आणि दुसऱ्या दिवशी विचारतात की इथे बघायला काय आहे. वहिनींनी ताईला विचारले, दर रविवारी पाहुण्यांना रस्ता दाखवाल का, जुनी गावे, किल्ले, चर्च. ताईने हो म्हणायला अर्धा सेकंद घेतला. वहिनी व्यवहाराला पक्क्या.

"आधी एक रविवार मी बरोबर येऊन बघते," त्या म्हणाल्या. "पाहुणे खूश झाले तर रविवार तुमचा. नाहीतर मुंबईचा एक जण मागे लागलाय. त्याच्याकडे माइक आहे, टोपी आहे, सगळं पाठ आहे."

मीही निवृत्त होऊन गावी परतलो होतो. ताई त्या संध्याकाळी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला परत रस्त्यावर जायचंय. तू मला लिहून दे."

मी दोन दुपारी तिच्या स्वयंपाकघरात बसून टिपणे घेतली. ती सांगत होती, मी लिहीत होतो. बावीस पाने झाली. मग मी त्यांना वृत्तसंपादनाचा नियम लावला: एकाच तोंडून आलेली गोष्ट छापायची नाही. त्या नियमाने बरेच काही गेले. अलिबागच्या ज्यू लोकांच्या इस्राएल आळीतली, परदेशी गेलेली एक म्हातारी चाळीस वर्षांनी परत येऊन गाडीत चढली आणि तिने अस्सल इथल्या मराठीत 'थोडं सरक गो' म्हणून जागा मागितली, ही गोष्ट गेली. रेवदंड्याच्या एका वाडीत धुण्याच्या दगडाखाली अक्षरे आहेत, ही गेली. 'असे म्हणतात' ने सुरू होणारे प्रत्येक वाक्य गेले. नऊ पाने उरली. त्यांतला प्रत्येक शब्द पुस्तकांतून पडताळलेला होता.

ताईने नऊ पाने वाचली. "सुटसुटीत झालंय," ती म्हणाली. "पाठ होईल."

वेळापत्रक तिने स्वतः केले. रेवदंडा आगमन नऊ चाळीस, प्रस्थान दहा. मी म्हटले, किल्ला बघायला वीस मिनिटे कमी आहेत. ती म्हणाली, "वीस मिनिटं फार झाली. आगारानं एवढा थांबा कधी कुठं दिला नाही." शेवटी आगरदांड्याहून दिघीला जाणारी बोट होती. बोट वेळेवर सुटते, म्हणून सगळे तिच्या मापाने कापले होते.

जानेवारीचा दुसरा-तिसरा रविवार असावा. पाहुणे सहा होते. पुण्याचे एक निवृत्त अभियंते आणि त्यांच्या पत्नी. आणि जालन्याच्या एकाच शाळेतल्या चार शिक्षिका, ज्यांनी आदल्या दिवशी पहिल्यांदा समुद्र पाहिला होता आणि अजून त्याच्याबद्दलच बोलत होत्या. सहा पाहुणे, वहिनी आणि मी मिळून आठ. भावोजी स्टिअरिंगवर, ताई दारात. गाडीत घंटी नव्हती. ताईने घराची चावी दाराच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवली. भावोजींनी गाडी सोडली. त्याआधी वहिनींनी त्यांना दोन वेळा "चला" म्हटले होते, तेव्हा ते हलले नव्हते.

आधी उत्तरेला अलिबाग केले. चुंबकीय वेधशाळेसमोर ताईने पान एक म्हटले. मुंबईत ट्राम विजेवर धावू लागल्या, त्यामुळे तिथली चुंबकीय मोजणी बिघडू लागली, म्हणून ती इथे हलवली. इमारतीत लोखंड वापरलेले नाही.

"मग दारांना बिजागऱ्या कशाच्या?" अभियंत्यांनी विचारले.

ताईने पान उलटून पाहिले. "ते कागदावर नाही."

इस्राएल आळीत एका शिक्षिकेने विचारले, "बाई, आता इथं कोणी राहतं का ओ?"

"काही कुटुंबे आहेत," ताई म्हणाली. पुढचे वाक्य मी कापले होते. ती थांबली, आणि मग पान तीन म्हणू लागली.

चौलच्या वाटेवर वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊ, हे रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतंय." मी ते कौतुक म्हणून घेतले. अर्ध्या मिनिटाने त्यांनी जांभई दिली तेव्हा कळले. मागे एक शिक्षिका झोपली होती. अभियंत्यांच्या पत्नी दुसरीला मेथीच्या वड्यांची कृती सांगत होत्या. ताई दांडी धरून उभी होती आणि तिचे लक्ष घड्याळाकडे होते. आम्ही दोन मिनिटे पुढे होतो. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. दिवस चांगला चालला आहे असे गाडीत फक्त तिला वाटत होते.

रेवदंड्याला नाक्यावर गाडी लावली. तट, बुरूज, उंच मनोरा, पान चार, पान पाच. पोर्तुगीजांकडून हे ठाणे मराठ्यांकडे आले ते सतराशे चाळीस साली. अभियंते काठीने तटाचा चुना खरवडून बघत होते.

"मॅडम, कुठे काही कोरलेलं उरलंय का? अक्षरं असलेला दगड?"

ताईने माझ्याकडे पाहिले. मी मान नकारार्थी हलवली. एका तोंडाची गोष्ट.

"ते कागदावर नाही," ती म्हणाली. "दहाला गाडी सुटेल."

दहाला ती दारात उभी राहिली. तिची मोजण्याची पद्धत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून झाले. गर्दीच्या गाडीत कंडक्टर चेहरे बघत नाही. चेहरा पाहिला की बोलणे होते आणि बोलले की मोजणी चुकते. तो डोकी मोजतो, डाव्या रांगेतून मागे आणि उजव्या रांगेतून पुढे. ताईने मोजली. आठ. चावी दोनदा वाजली. दहा वाजून एक मिनिटाने आम्ही सुटलो.

खाडीवरचा पूल लांब आहे. पाणी भरतीचे होते, खाली मचवे नांगरलेले होते.  साळाव आले तसे ताईला काहीतरी सुचलेले दिसले. ती दाराजवळच्या आसनाकडे वळली. फोटो काढायला बरे म्हणून अभियंते सकाळपासून तिथे एकटेच बसत होते.

"साहेब, ते बिजागऱ्यांचं—"

आसनावर साहेब नव्हते. सत्तरीच्या एक बाई मांडीवर रिकामी भाजीची पाटी घेऊन बसल्या होत्या.

"मावशी?" ताई म्हणाली.

"व्हय," मावशी म्हणाल्या. "आज गाडी पांढरी कशी गो? मला वाटलं नवी आली."

मावशी कोर्लईच्या. तिथल्या ख्रिस्ती वस्तीतल्या. सकाळच्या गाडीने रेवदंड्याच्या बाजारात भाजी आणायची आणि विकली की परतीच्या गाडीत दाराजवळच्या आसनावर बसायचे, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. त्या दिवशी नाक्यावर गाडी उभी दिसली, दारात ओळखीची कंडक्टर दिसली, आसन रिकामे दिसले. त्या चढल्या. ताईने त्यांचे डोके मोजले. आठ भरले.

चावी एकदा वाजली. भावोजींनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"काय गं?"

"साहेब राहिले रेवदंड्याला."

सगळे वळले. अभियंत्यांच्या पत्नी मागून पुढे आल्या आणि आसनावर बसलेल्या मावशींकडे बघत राहिल्या.

"तुम्हाला कळलं नाही?" वहिनींनी त्यांना विचारले.

"पूल आला तरी खांब किती, लांबी किती, कोणी बोललं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं झोप लागली असेल. बरं वाटत होतं, खरं सांगते."

शिक्षिका हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी अभियंत्यांना फोन लावला. फोन आसनाखालच्या पिशवीत वाजला. त्यांनी तो बंद केला आणि अगदी हळू आवाजात म्हटले, "बाई, पाहुणा राहिला?" ओरडल्या असत्या तर सोपे गेले असते.

 चोवीस वर्षांत ताईच्या हातून एकही प्रवासी मागे राहिलेला नव्हता, हे मला माहीत होते. मुंबईच्या माणसाकडे माइक होता आणि तो पाहुणे विसरत नसावा, हेही त्या क्षणी गाडीतल्या किमान तीन जणांच्या मनात आले असणार. भावोजी गाडी उलटी वळवत होते.

"मी उतरू का मग?" मावशींनी विचारले.

"बसा. उन्हात कोर्लईपर्यंत चालणार आहात का?"

"मग तिकीट कुठलं म्हणू? जायचं का यायचं?"

यावेळी वहिनींचाही ओठ हलला.

नाक्यावर अभियंते नव्हते. गाडी तिथे ठेवून ताई वाड्यांच्या गल्लीत शिरली. मी तिच्या मागे. दुतर्फा कुंपणाला चिऱ्यांचे गडगे, आत सुपारीची झाडे. तिसऱ्या की चौथ्या वाडीतून हसण्याचा आवाज आला. आत गेलो तर विहिरीजवळ अभियंते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. हातात पहार होती. घरातले दोघे जण एका मोठ्या काळ्या दगडाखाली ओंडका सरकवत होते. ओट्यावर एक बाई सुपारी कातरता कातरता सूचना देत होती.

"डावीकडून घ्या ओ पुणेकर! डावीकडून! तुमच्या पुण्यात डावं न्हाय का?"

तिने वर पाहिले आणि अडकित्ता खाली ठेवला.

"अगो, कंडक्टरबाय! तू? ये ये. हा तुझा पाव्हना व्हय? आम्हाला वाटलं चुकून आलाय."

"चुकूनच आलेत," ताई म्हणाली. "माझ्या चुकीनं. साहेब, माफ करा."

अभियंत्यांनी ते ऐकले असे वाटले नाही. "मॅडम, हा बघा," ते म्हणाले. "तुमची गाडी गेली तेव्हा मी ह्यांना विचारत होतो, अक्षरांचा दगड आहे का. ह्या म्हणाल्या, रोज त्याच्यावर धुणं धुते."

"पालथा घातलाय पण," ती बाई म्हणाली. "अक्षर हाय ना खाली. अक्षरावर पाय पडला तर? सासूबाईंच्या आधीपासून पालथाच हाय."

तो माझ्या टिपणांच्या अकराव्या पानावरचा दगड होता. ताईने सांगितला होता, मी कापला होता.

"तुम्हाला माहीत होतं?" अभियंत्यांनी ताईला विचारले.

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवले नाही. "पडताळलेलं नव्हतं," ती म्हणाली.

मी सांगितले की ती ओळ मी काढली. अभियंत्यांनी पहार माझ्या हातात दिली. "मग आता पडताळा," ते म्हणाले.

एव्हाना बाकीचे शोधत आले होते. शिक्षिकांनी पदर खोचले. मी पहार दाबली, भावोजींनी खांदा लावला, वाडीतल्या बाईने ओट्यावरून "हां, हां, आता" म्हटले आणि दगड उलटला. खालची बाजू ओली, मातीने भरलेली होती. विहिरीचे दोन बादल्या पाणी ओतले. वरच्या टोकाला क्रूस होता. त्याखाली पाच ओळी. अक्षरे रोमन होती, झिजलेली. आमच्यातल्या कोणाला एकही शब्द पुरा लागला नाही. घरातली माणसेसुद्धा तो पहिल्यांदाच बघत होती. त्यांच्या घरातून दगड कोणी हलवला नव्हता, फक्त त्याच्याबद्दलची गोष्ट गाडीतून मुरूडपर्यंत गेली होती.

मावशी पाटी खाली ठेवून पुढे आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी क्रूस पाहिला, गुडघे टेकले, कपाळ, छाती, दोन्ही खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली आणि त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटल्या. कोर्लईच्या वस्तीत जुन्या पोर्तुगीजमधून आलेली बोली अजून बोलतात. ती आसपासच्या कोणत्याही गावाला कळत नाही. प्रार्थना एक मिनिटभर चालली. त्या दगडापाशी त्या बोलीतला शब्द याआधी कधी उच्चारला गेला होता, हे मला पडताळता येत नाही.

मग मावशी उठल्या आणि वाडीतल्या बाईला म्हणाल्या, "आता धुणं दुसरीकडं धू गो. कबरीचा दगड हाय. माणूस हाय तो."

"अगो बाई," ती म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज आंघोळ घालतोय त्याला?"

"साबण लावून," तिचा नवरा म्हणाला.

हसता हसता एका शिक्षिकेला ठसका लागला. तिला पाणी आणायला वाडीतल्या बाईची लेक बाहेर आली, कॉलेजात जाणारी, उंच. बाई तिच्याकडे बोट करून वहिनींना सांगू लागली. "ही पोटात होती तेव्हा माझ्या कळा सुरू झाल्या त्या ह्या कंडक्टरबायच्या गाडीत. हिनं रेवदंडा ते अलिबाग एका थांब्यावर गाडी थांबवू दिली न्हाय. लोक हात करतायत, ही आतून हात करते, पुढची घ्या, पुढची! नवऱ्यानं हिच्या गाडी अशी हाणली का विचारू नका."

"पासष्टच्या वर नाही नेली," भावोजी म्हणाले. दिवसभरातले त्यांचे ते सर्वांत लांब वाक्य होते.

ही गोष्ट बावीस पानांतही नव्हती. ताईला ती सांगण्यासारखी वाटली नसावी. वहिनींनी मुलीकडे पाहिले, मग ताईकडे पाहिले. 

साडेअकरा झाले. भावोजींनी घड्याळ ताईला दाखवले. आता कितीही हाणली तरी दिघीची बोट मिळणार नव्हती. बोटीशिवाय मुरूड गाठायचे तर कोर्लईला थांबता आले नसते. ताईने वेळापत्रकाचा कागद काढला, पाहिला. सेवेत असताना तिने पुराखेरीज एकही फेरी रद्द होऊ दिली नव्हती.

"मुरूड आज रद्द," ती म्हणाली. "कोर्लईपर्यंत जाऊ. तिथं वेळ देऊ."

"जंजिरा?" वहिनींनी विचारले. "पाहुण्यांना फोटो त्याचाच हवा असतो. मुंबईचा माणूस जंजिरा कधी चुकवत नाही."

"त्याला चुकवू नका म्हणावं. मी आज चुकवते."

हे तिने शांतपणे म्हटले, पण तिची बोटे कागदाची घडी घालत होती, उलगडत होती. रविवार आपल्या हातून गेला असे तिने धरले होते, हे तिने मला नंतर सांगितले. गेलाच आहे तर निदान दिवस नीट घालवू, असे तिला वाटले.

साळाव ते कोर्लई हे अंतर फार नाही. पण तेवढ्यात ताई जे बोलली ते मी गाडीच्या पावतीच्या मागे लिहून ठेवले आहे. नऊ पाने तिने पिशवीत टाकली. दारात उभी राहिली, पाठ रस्त्याकडे, तोंड आमच्याकडे, आणि एकेक थांबा मागे जाऊ लागला तसा ती सांगू लागली. या वळणावर एक पाद्री रोज सायकल टपावर चढवायचे आणि रोज विचारायचे, उतरवायला कोण येईल. इथे एका लग्नाचे वऱ्हाड चढले, नवरा चुकून मागच्या गाडीत राहिला. "तेव्हाही डोकी बरोबर होती," ती म्हणाली, आणि अभियंत्यांच्या पत्नीने टाळी दिली. इस्राएल आळीची म्हातारी इथवर आली तेव्हा तिने समुद्र बघून काय म्हटले, तेही आले. शिक्षिकांपैकी एकीने वही काढली. झोपलेली जागी होती. मी प्रत्येक गोष्टीला मनात 'एकच तोंड' अशी खूण करत होतो आणि प्रत्येक वेळी आसनावरून मावशी म्हणत होत्या, "व्हय, मी होते त्या गाडीत." दुसरे तोंड सतत तिथेच बसलेले होते.

कोर्लईला मावशींनी आम्हाला घरी नेले. अंगणात वालाच्या शेंगांची रास होती. मोठ्या टोपात शेंगा, मीठ आणि ओवा घालून चुलीवर ठेवल्या. शेजारच्या बायका जमल्या. आपसात त्या त्यांच्या बोलीत बोलत, आमच्याशी मराठीत. जालन्याच्या एका बाईंनी विचारले, तुमच्या भाषेतला एखादा शब्द आम्हाला येईल का.

"तुमच्या घराला कुलूप हाय?" मावशींनी विचारले. "मग चावी हाय ना? तो आमचाच शब्द. बटाटा खाता? पगार घेता? सगळं आमच्याकडून नेलंय. परत कधी देणार?"

"पगार नाही देणार," त्या बाई म्हणाल्या. "बाकी न्या."

शेंगा खाऊन आम्ही टेकडीवरच्या किल्ल्यावर गेलो. दीपगृहापासून पायऱ्या आहेत. ताईने गावाचा थांबा चोवीस वर्षे घेतला होता, पण वर कधी गेली नव्हती. थांबा दोन मिनिटांचा होता. पायऱ्या चढताना ती सर्वांत पुढे होती आणि धाप लागली तरी कठड्याला हात लावत नव्हती. वर डोंगराची धार अरुंद आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. तटावरून खाली पाहिले तर पलीकडे रेवदंड्याचा मनोरा आणि नारळाची दाट पट्टी, आणि त्यांना जोडणारा पूल एका रेघेसारखा.

ताई तटाच्या भोकाशी उभी राहिली. तिने पहिल्यांदाच तो रस्ता न हलता पाहिला. पुलावरून एक लाल गाडी सरकत होती, बोटाच्या पेराएवढी.

"अडीचची," ती म्हणाली. "पंधरा मिनिटं उशीर."

मग ती इतक्या मोठ्याने हसली की पुढच्या बुरुजावरच्या शिक्षिकांनी काय झाले म्हणून विचारले. काय झाले ते तिला सांगता आले नाही. तिने फक्त हात लांब करून गाडी दाखवली. चौघी जणी येऊन बघत राहिल्या. अभियंते पुलाचे खांब मोजत होते. त्यांच्या पत्नीने विचारले, किती, आणि त्यांनी सांगितले, आणि त्या म्हणाल्या, "बरं झालं, आता मला झोप लागेल."

पाचला नागावला परत आलो. वहिनींनी ओसरीवर चहा दिला आणि अभिप्रायाची वही फिरवली. शिक्षिकांनी एकेक ओळ लिहिली. अभियंत्यांनी वही घेतली, चष्मा लावला आणि लिहीतच राहिले. ताई चहा न पिता खांबाशी उभी होती. वहिनी तिच्याकडे बघत नव्हत्या. पान उलटल्याचा आवाज आला. ताईने कप खाली ठेवला.

शेवटी त्यांनी वही वहिनींकडे दिली. वहिनींनी ती मोठ्याने वाचली, कारण सगळे वाट बघत होते.

"एक. रेवदंड्याचा थांबा अपुरा आहे. किमान दोन तास असावा. दोन. वाचून दाखवणे बंद करावे. तीन. जंजिरा पाहिला नाही, त्याबद्दल तक्रार नाही. चार. यापुढे मला मागे ठेवायचे असल्यास आधी कळवावे, म्हणजे टोपी घेऊन उतरेन. पाच. पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा येऊ. त्या वेळी दौरा याच बाईंनी चालवलेला असावा, अन्यथा येणार नाही."

खाली त्यांच्या पत्नीने लिहिले होते: "मागे ठेवण्यास माझी हरकत नाही."

हसणे थांबल्यावर वहिनींनी वही मिटली, आतून दुसरी वही आणली, नोंदणीची. पुढच्या रविवारचे पान काढले. वाहन या शब्दापुढे त्यांनी स्वतःच्या गाडीचा क्रमांक लिहिला, चालक या शब्दापुढे भावोजींचे नाव लिहिले. मार्गदर्शक या शब्दापुढे क्षणभर थांबल्या, आणि ताईचे नाव लिहिले. मग पान उलटून पुढच्या रविवारी तेच लिहिले, आणि त्याच्या पुढच्या रविवारी.

"पण मुरूड करायचंच," त्या म्हणाल्या. "लोकांना जंजिरा लागतो."

"करू की," ताई म्हणाली. "रेवदंड्याला दोन तास, कोर्लईला अडीच, पुढं मुरूड आणि बोटही बसवते. सकाळी सहाला सुटायचं."

"सहाला? सुट्टीवर आलेली माणसं सहाला उठतात होय?"

"उठतील," ताई म्हणाली. "दारात मी असेन."